छातीतील रक्तस्राव आणि त्याचा बंदोबस्त

शरीराच्या इतर बहुतेक भागांवर शस्त्रक्रिया चालू असताना एखादी रक्तवाहिनी फाटली, तर शल्यविशारदापुढे मुख्यतः रक्त थांबवण्याचा प्रश्न असतो. छातीत तीच दुर्घटना घडली असता मात्र रक्त, श्वास आणि हृदयाचे स्पंदन ही तिन्ही एकाच वेळी धोक्यात येतात, कारण बरगड्यांच्या त्या बंद पिंजऱ्यात साचलेले रक्त शरीरातून वजा तर होतेच, शिवाय ते फुप्फुसाला दाबते, हृदयाकडे परतणाऱ्या नीलांचा मार्ग अडवते, आणि श्वासनलिकेत उतरले तर निरोगी बाजूच्या फुप्फुसालाही बुडवते. प्रौढ माणसाच्या अंगात एकंदर रक्त सुमारे पाच लिटर असते, आणि त्यांतील तीन लिटरपर्यंत रक्त छातीच्या एका बाजूत, बाहेर एक थेंबही न दिसता, मावू शकते. या एका वस्तुस्थितीतून वक्षशल्यशास्त्राच्या बहुतेक नियमांची उत्पत्ती झाली आहे. त्या नियमांचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास आणि आजचा व्यवहार पाहिला असता माझी अशी खात्री झाली आहे की, छातीतील रक्तस्रावाचा फैसला फार मोठ्या अंशी शस्त्र हाती घेण्यापूर्वीच लागलेला असतो, आणि जो अंश उरतो तो हाताच्या चपळाईपेक्षा हाताच्या संयमावर अवलंबून असतो.

हा आढावा सोलापूरच्या संदर्भात घेण्यास सबळ कारणे आहेत. गिरण्यांचा आणि यंत्रमागांचा हा गाव. पूर्व भागात घरोघर खडखडणारे माग, त्यांच्या सुताची हवेत तरंगणारी धूळ, मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या हजारो स्त्रिया, दाटीवाटीची वस्ती, आणि या साऱ्यांच्या सोबतीने पिढ्यान्पिढ्या ठाण मांडून बसलेला क्षयरोग, यांमुळे छातीचा विकार येथील कष्टकरी कुटुंबांना अपरिचित नाही. पुणे-हैदराबाद महामार्ग शहराला लागून जात असल्यामुळे बरगड्या मोडून घेतलेला अपघातग्रस्त रात्री-अपरात्री ‘सिव्हिल’च्या दारात येतो, सिव्हिल म्हणजे श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, आणि त्याच्याशी संलग्न असलेले, १९६३ साली स्थापन झालेले डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. धाराशिव, लातूर आणि पलीकडच्या विजयपूर, कलबुर्गी या जिल्ह्यांतील रुग्णही याच गावाची वाट धरतात. येथून पुणे अडीचशे किलोमीटर, हैदराबाद तीनशे आणि मुंबई चारशे किलोमीटर. इतर अनेक दुखण्यांत रुग्णाला मोठ्या शहराकडे पाठवण्याची तजवीज करून मोकळे होता येते. छातीत रक्त वाहत असलेल्या माणसाच्या बाबतीत ते अंतर हेच मृत्यूचे कारण ठरू शकते, म्हणून त्याच्या रक्तस्रावाचा बंदोबस्त जेथे तो आहे तेथेच करावा लागतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत छाती उघडणे हे बहुतेक शल्यविशारद वर्ज्य समजत, कारण छातीला मोठे छिद्र पडताच बाहेरची हवा आत शिरून फुप्फुस आकसून जाई. १९०४ साली जर्मनीत सॉवरब्रुख यांनी हवेचा दाब कमी केलेली एक कोठडी बांधली. रुग्णाचे धड आणि शल्यविशारद आत, रुग्णाचे डोके बाहेर, अशा विलक्षण व्यवस्थेत त्यांनी छाती उघडून दाखवली. पुढे श्वासनलिकेत नळी घालून फुप्फुसात दाबाने हवा भरण्याची सोपी रीत रूढ झाली आणि कोठडी मागे पडली. श्वासाचा प्रश्न असा मार्गी लागताच रक्ताचा प्रश्न उघडा पडला. त्या काळात छातीवरील उपचार हा मुख्यतः क्षयाचा उपचार होता. रोगट फुप्फुसाला विश्रांती मिळावी म्हणून छातीत हवा भरून ते मिटवून ठेवीत. ते छातीच्या भिंतीला पट्ट्यांनी चिकटलेले असले म्हणजे मिटत नसे, म्हणून स्टॉकहोमच्या याकोबेउस यांनी १९१० च्या सुमारास छातीत दुर्बीण घालण्याची, आणि नंतर तापलेल्या तारेने त्या पट्ट्या छेदण्याची पद्धत काढली. त्या पट्ट्यांत रक्तवाहिन्या असत, आणि एखाद्या जाड पट्टीबरोबर ती वाहिनी कापली गेली की त्या चिंचोळ्या दुर्बिणीतून तिला आवरणे दुरापास्त होई. आज दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसंबंधी जी सावधगिरी शिकवली जाते तिची बहुतेक कलमे त्या पहिल्या पिढीच्या अनुभवातून लिहिली गेली आहेत.

५ एप्रिल १९३३ रोजी अमेरिकेतील सेंट लुईस येथे इव्हार्ट्स ग्रॅहॅम यांनी कर्करोग झालेल्या एका डॉक्टरचे संपूर्ण डावे फुप्फुस एकाच बैठकीत काढले. फुप्फुसाच्या मुळाशी धमनी, नीला आणि श्वासनलिका एकत्र येतात. ग्रॅहॅम यांनी त्या सर्वांना एकत्र आवळून बांधले. रुग्ण वाचला, आणि १९५७ साली ग्रॅहॅम स्वतः फुप्फुसाच्या कर्करोगाने निवर्तले तेव्हा तो हयात होता. परंतु सगळ्यांना एका दोरीत आवळण्याची ही पद्धत टिकणारी नव्हती. गाठ सैल पडली तर एकाच क्षणी सर्व वाहिन्या मोकळ्या होत, आणि श्वासनलिकेच्या टोकाचे पोषण तुटून ते कुजत असे. म्हणून प्रत्येक वाहिनी वेगळी उकलून, वेगळी बांधून मगच तोडावी, हा दंडक पुढील काही वर्षांत प्रस्थापित झाला आणि तो आजही अबाधित आहे.

याच सुमारास या इतिहासाचा एक धागा सोलापुराला येऊन मिळतो. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून हे वक्षशल्यविशारद होते; त्यांना स्वतःला क्षय झाला होता आणि हवा भरून फुप्फुस मिटवण्याच्या उपचारानेच ते बरे झाले होते. माँट्रियलमध्ये त्यांनी छातीच्या शस्त्रक्रियेची अनेक हत्यारे घडवली, आणि बरगडी कापण्याची त्यांची कात्री आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. १९३६ च्या अखेरीस स्पेनच्या यादवी युद्धात माद्रिद येथे त्यांनी जे केले त्याचे मोल या कात्रीपेक्षा कितीतरी अधिक आहे: नागरिकांचे रक्त बाटल्यांत साठवून, थंड राखून, मोटारीने थेट आघाडीपर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था त्यांनी उभारली. जखमी माणसाला रक्ताकडे नेण्याऐवजी रक्तच जखमी माणसाकडे न्यावे, हे तत्त्व त्यामुळे व्यवहारात आले. पुढे ते चीनमध्ये गेले आणि १९३९ च्या नोव्हेंबरात, शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून जंतुदोष पसरून, तेथेच मृत्यू पावले. त्यांच्या नावाने चालणाऱ्या रुग्णालयाचे प्रमुखपद १९४१ मध्ये ज्यांच्याकडे आले ते डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस हे १९१० साली सोलापुरात जन्मलेले, मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले, आणि १९३८ साली राष्ट्रसभेने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेलेले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, तेथेच त्यांचा अंत झाला. भैय्या चौकातील त्यांच्या घराचे आता स्मारक झाले आहे. कोटणीसांच्या त्यागाचे वर्णन आपल्याकडे पुष्कळ झाले. परंतु जखमी माणसाजवळ रक्त वेळेवर कसे पोहोचवावे या प्रश्नाशी त्या रुग्णालयाच्या परंपरेचा किती निकटचा संबंध होता, इकडे त्यांच्या गावाने फारसे लक्ष दिलेले नाही, याची मला खंत वाटते.

स्ट्रेप्टोमायसिन आणि त्यापाठोपाठ आलेल्या इतर औषधांनी क्षयाच्या शस्त्रक्रियेचे स्वरूप पालटले. मद्रासच्या क्षय-रसायनोपचार केंद्राने १९५९ साली दाखवून दिले की, रुग्णाला आरोग्यधामात न ठेवता घरी औषध देऊनही तो बरा होतो. त्यामुळे आरोग्यधामे ओस पडू लागली आणि बरगड्या काढून छाती चेपवण्याच्या शस्त्रक्रिया बंद होत गेल्या. पण जे रुग्ण आज शल्यविशारदापर्यंत येतात ते त्यामुळेच अधिक अवघड असतात. उशिरा निदान झालेले, मधेच औषध सोडलेले, औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंनी पोखरलेले फुप्फुस. जुन्या पोकळीत वाढलेला बुरशीचा गोळा. वर्षानुवर्षे पू साचून दगडासारखे झालेले आवरण. हे सारे प्रकार रक्तस्रावाच्या दृष्टीने अत्यंत धोक्याचे आहेत, आणि त्याचे कारण शरीररचनेत आहे.

फुप्फुसाला रक्त दोन वाटांनी मिळते. पहिली वाट फुप्फुस-धमनीची: हृदयातून दर मिनिटाला बाहेर पडणारे सुमारे पाच लिटर रक्त, सगळेच्या सगळे, या धमनीतून जाते, परंतु तिच्यातील दाब अंगातील इतर धमन्यांच्या मानाने जेमतेम पाचवा-सहावा हिस्सा, म्हणजे पाऱ्याच्या १५ मिलिमीटरांच्या आसपास असतो. दुसरी वाट महाधमनीपासून निघणाऱ्या बारीक श्वासनलिका-धमन्यांची. त्यांतून जाणारे रक्त अल्प, पण दाब पुरा. निरोगी माणसात या दुसऱ्या वाटेला महत्त्व नसते. क्षयाने जीर्ण झालेल्या फुप्फुसात मात्र तिची वाढ होते. धमन्या फुगतात, वेड्यावाकड्या होतात, आणि फुप्फुस जेथे छातीच्या भिंतीला चिकटले आहे तेथे बरगड्यांमधील धमन्यांचे फाटेही त्या चिकटलेल्या पडद्यातून आत घुसतात. अशा रुग्णाची छाती उघडल्यावर फुप्फुस आणि भिंत यांच्यामध्ये बोट घालण्याइतकीही फट सापडत नाही. शल्यविशारद एकेक बोटभर पडदा सोडवीत जातो आणि प्रत्येक बोटाबरोबर दहा ठिकाणांहून रक्त झिरपते. यांतील एकही वाहिनी मोठी नसते, एकीलाही नाव नसते. पण फुप्फुस मोकळे होईपर्यंत लिटर-दीड लिटर रक्त गेलेले असते आणि मुख्य शस्त्रक्रिया अजून सुरूही झालेली नसते. चिकटलेल्या भागी ओल्या गरम बोळ्यांनी दाबून ठेवावे, दुसऱ्या भागी काम करावे, पुन्हा परत यावे, आणि पडदा फारच घट्ट असेल तर आवरणाच्या बाहेरून, बरगड्यांना लागून, वाट काढावी. यापेक्षा जलद मार्ग नाही, आणि जो जलद मार्ग शोधतो तो फुप्फुस फाडतो.

खोकल्यातून रक्त पडणे हे याच वाढलेल्या धमन्यांचे काम. अशा रुग्णाचा मृत्यू बहुधा रक्त कमी पडल्याने होत नाही. श्वासमार्गाची पोकळी फार तर १५० मिलिलिटरांची, म्हणजे पेलाभर रक्तही तिला भरून टाकण्यास पुरेसे असते, आणि माणूस स्वतःच्याच रक्तात गुदमरतो. म्हणून रक्त ज्या बाजूचे, त्या कुशीवर त्याला निजवणे हा पहिला उपचार, आणि तो घरातल्या माणसालाही करता येण्यासारखा आहे. शस्त्रक्रियागृहात दोन फुप्फुसांचे मार्ग वेगळे करणारी दुहेरी नळी हेच काम अधिक चोखपणे करते. स्वीडनच्या कार्लेन्स यांनी ती १९४९ साली श्वासाचे मापन करण्यासाठी बनवली होती, आणि लागलीच क्षयाच्या शस्त्रक्रियेत तिचा उपयोग सुरू झाला. १९७० नंतरच्या काळात फ्रान्समधील रेमी यांनी जांघेतून बारीक नळी नेऊन त्या फुगलेल्या धमनीचे तोंड आतूनच बंद करण्याची रीत प्रचारात आणली. हा उपाय रोग बरा करीत नाही आणि काही महिन्यांनी रक्त पुन्हा येऊ शकते. परंतु वाहत्या रक्तात घाईघाईने छाती उघडण्याऐवजी रक्त थांबवून, रुग्णाला सावरून, ठरलेल्या दिवशी शस्त्रक्रिया करता येते, आणि या दोहोंतील धोक्याचे अंतर फार मोठे आहे. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांत या विषयात जे काही नवे आले त्यांत याइतके उपकारक दुसरे नाही.

पूर्वतयारीची इतर कलमे साधी वाटतात आणि म्हणूनच दुर्लक्षिली जातात. रुग्ण कोणत्या गोळ्या घेतो हे नुसते विचारून भागत नाही, गोळ्यांची पाकिटे मागवून पाहावी लागतात. हृदयविकारासाठी क्लोपिडोग्रेल चालू असेल तर साधारण पाच दिवस आधी बंद करायचे की नाही याचा निर्णय हृदयतज्ज्ञाच्या मसलतीने घ्यावा लागतो, वॉरफरिनची तीच गत, आणि ॲस्पिरिन मात्र बहुधा चालू ठेवतात. दात काढल्यावर, बाळंतपणात किंवा पूर्वीच्या एखाद्या शस्त्रक्रियेत रक्त जास्त गेले होते काय, हा प्रश्न प्रयोगशाळेतील अनेक तपासण्यांपेक्षा अधिक सांगून जातो. आणि रक्तगट. रक्तगटाच्या बाबतीत महाराष्ट्रातील डॉक्टरांवर एक विशेष जबाबदारी आहे, कारण १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो दुर्मीळ गट प्रथम नोंदवला आणि जो ‘बॉम्बे’ या नावाने जगभर ओळखला जातो, त्याची माणसे आपल्याच भागात तुलनेने अधिक आढळतात. वरवरच्या तपासणीत हा गट ‘ओ’ दिसतो. परंतु ‘ओ’ गटाचे रक्त या माणसाला दिले तर ते त्याला प्राणघातक ठरते. रक्तपेशींबरोबर रक्तद्रवाचीही उलट तपासणी आणि रीतसर क्रॉसमॅच केली म्हणजे चूक उघडकीस येते, आणि ती वेळ शस्त्रक्रियेच्या आधी असते. छाती उघडी असताना नव्हे.

आता प्रत्यक्ष दुर्घटनेकडे वळू. फुप्फुसाचा वरचा खंड काढताना त्याला जाणारे धमनीचे फाटे एकेक करून उकलायचे असतात. फाट्यामागे क्षयाने कडक झालेली, धमनीला डकलेली लसिकाग्रंथी असते. ती सोलून काढताना चिमट्याचे टोक थोडे अधिक आत जाते, आणि एका क्षणात सगळे क्षेत्र गडद रक्ताने भरून दिसेनासे होते. फुप्फुस-धमनीची भिंत भिजलेल्या कागदासारखी असते; अशा वेळी रक्तात आंधळेपणाने चिमटा घालून ती पकडण्याचा प्रयत्न केला तर अर्ध्या सेंटिमीटरची चीर दोन सेंटिमीटरांची होते. परंतु तिच्यातील दाब कमी असतो, ही निसर्गाची सवलत आहे. बोट किंवा दांडीवर गुंडाळलेला बोळा त्या जागी हलकेच टेकवला की रक्त थांबते. मग घड्याळ पाहून पाच मिनिटे कोणीही काहीही करायचे नाही. या पाच मिनिटांत भूलतज्ज्ञाला मोठ्या नीलेत जाड सुई घालून रक्त चढवण्यास अवधी मिळतो, परिचारिका बारीक प्रोलीनचा टाका आणि रक्तवाहिनीची पकड काढून ठेवते, दुसरा सहायक हात धुऊन येतो, आणि शल्यविशारदाच्या मनातील धडधड ओसरते. बारीक छिद्र असेल तर पुष्कळदा बोळा उचलल्यावर रक्त थांबलेलेच आढळते. न थांबल्यास चिरीवर पुन्हा बोट ठेवून, आवश्यक तर हृदयावरण उघडून, धमनीचे मूळ खोड हृदयाच्या बाजूने ताब्यात घ्यावे, पकड लावावी, आणि मग कोरड्या क्षेत्रात शांतपणे टाका घालावा. ग्रंथी अशी डकलेली आहे हे आधीच ओळखून, काहीही उकलण्यापूर्वी मूळ धमनीभोवती एक फीत ओवून ठेवणारा शल्यविशारद या सगळ्या प्रसंगातून एका ओढीने सुटतो. तरुण विद्यार्थ्यांना टाके घालण्याची कला मोठ्या हौसेने शिकवली जाते; दाबून स्थिर उभे राहणे ही कला त्याआधी शिकवली पाहिजे.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतही तत्त्व हेच आहे. काढायच्या फुप्फुसाचाच भाग चिरीवर दाबून धरता येतो, आणि रक्त ताब्यात राहिले तर दुर्बिणीतूनच टाका घालता येतो. न राहिले तर छाती उघडावी. उघडण्याचा निर्णय हा पराभव मानणाऱ्या मंडळींमुळे रुग्णांचे नुकसान झाले आहे. हृदय उघडून करायच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न निराळा आहे: तेथे यंत्रावर रक्त फिरवण्यासाठी हेपारिन देऊन ते जाणूनबुजून न गोठणारे केलेले असते, नंतर प्रोटामीनने तो परिणाम उतरवावा लागतो, आणि तरीही झिरपणारे रक्त हृदयाभोवती साचून त्याला आवळू शकते. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

रक्त फार गेले म्हणजे शरीर थंड पडते, रक्तात आम्लता वाढते, आणि आम्लता व थंडी यांमुळे रक्त गोठेनासे होते, की आणखी वाहते. हे चक्र तोडण्यासाठी पूर्वी सलाइनच्या बाटल्यांमागून बाटल्या दिल्या जात. त्यामुळे उरलेले रक्तही पातळ होई. आता तांबड्या पेशी, रक्तद्रव आणि बिंबिका जवळपास सारख्या प्रमाणात, अंगाइतक्या उबदार करून, आणि सोबत कॅल्शियम द्यावे, असे मानले जाते. जपानमधील ओकामोटो दांपत्याने १९६२ साली प्रसिद्ध केलेले ट्रॅनेक्झॅमिक आम्ल हे औषध दीर्घकाळ अडगळीत पडून होते. २०१० साली वीस हजारांहून अधिक जखमी रुग्णांवरील जागतिक प्रयोगात, ज्यात भारतातील रुग्णालयेही सहभागी होती, असे दिसले की इजा झाल्यापासून तीन तासांच्या आत ते दिल्यास मृत्यू कमी होतात आणि त्यानंतर दिल्यास अपाय संभवतो. औषध स्वस्त आहे, आणि आमच्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ते असावयास हवे. मोहोळ, अक्कलकोट किंवा सांगोल्याहून निघालेल्या जखमीला ते तेथेच दिले गेले पाहिजे, कारण सोलापूर गाठेपर्यंत त्या तीन तासांतील बराच भाग संपलेला असतो.

मोठ्या शस्त्रक्रियांविषयी एवढे लिहिल्यावर लहान उपचारांकडे दुर्लक्ष करणे अन्यायाचे होईल, कारण छातीतील पाणी सुईने काढणे किंवा छातीत नळी घालणे हे प्रत्येक रुग्णालयात रोज घडते आणि तेथील इजा पूर्णपणे टाळता येण्याजोगी असते. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला लपून धमनी व नीला जातात. म्हणून सुई नेहमी खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला लागून आत न्यायची. पाठीकडे, कण्याच्या जवळ, ही धमनी बरगडीच्या आडोशाला नसते, आणि वृद्धांत ती नागमोडी झालेली असते. म्हणून काखेखालच्या सुरक्षित त्रिकोणात, शक्यतो सोनोग्राफीने पाहून, सुई घालावी. छातीच्या मध्यास्थीच्या कडेने बोटभर अंतरावर आणखी एक धमनी उभी जाते, तिला कोणीही डिवचू नये. हे नियम पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरालाही पाठ असतात. चूक होते ती मध्यरात्री, दमलेल्या हाताने, रुग्ण नीट न बसवता, एकट्याने सुई घालण्यामुळे. तिचा उपाय नियमांत नसून वरिष्ठाच्या हजेरीत आहे.

अपघातातील जखमीची गोष्ट याच नळीपासून सुरू होते, आणि पुष्कळदा तेथेच संपते: बहुसंख्य रुग्णांना नळी, प्राणवायू, वेदनाशामक आणि रक्त एवढेच लागते, कारण फुप्फुस फुलून भिंतीला टेकले की कमी दाबाच्या वाहिन्या आपोआप मिटतात. नळी घालताच दीड लिटर रक्त निघाले, किंवा त्यानंतर दर तासाला २०० मिलिलिटर या हिशेबाने दोन ते चार तास येत राहिले, तर छाती उघडली पाहिजे. हे आकडे पक्के असले तरी आकड्यांची वाट पाहत बसू नये. नाडी धावते आहे, अंग गार आणि चेहरा पांढरा आहे, तर बाटलीतील रेघ गौण होय.

शस्त्रक्रियेनंतरची पहिली रात्र याच बाटलीच्या भोवती जाते. रेघा आखलेल्या त्या बाटलीत दर तासाला किती आले हे परिचारिका कागदावर मांडते, आणि अनुभवी परिचारिका आकड्याबरोबर रंग, गाठी, आणि नळी कोमट लागते की गार, हेही सांगते; ताजे रक्त येत असेल तर नळी हाताला कोमट लागते. सर्वांत फसवी अवस्था म्हणजे भरभर येणारे रक्त एकाएकी थांबणे. नातेवाइकांना आणि कधी कधी डॉक्टरालाही दिलासा वाटतो, पण नळी गाठीने तुंबली असेल तर रक्त आत साचत असते, आणि रक्तदाब उतरू लागेपर्यंत कळत नाही. अशा वेळी जागेवरच क्ष-किरण छायाचित्र घ्यावे आणि पुन्हा छाती उघडायची की नाही याचा निर्णय त्याच तासात करावा. मागे राहिलेले गोठलेले रक्त नळीने निघत नाही. ते पहिल्या आठवड्याच्या आत दुर्बिणीने काढले तर सहज निघते, महिनाभर राहू दिले तर त्याचे कवच होऊन फुप्फुस कायमचे जखडते किंवा त्याचा पू होतो.

सरतेशेवटी हा सगळा व्यवहार रक्तपेढीपाशी येऊन थांबतो. सर्वोच्च न्यायालयाच्या हुकुमाने १ जानेवारी १९९८ पासून देशात पैसे घेऊन रक्त देण्यास बंदी झाली, आणि महाराष्ट्राने ऐच्छिक रक्तदानात देशात पुढचे स्थान मिळवले. सोलापुरात दमाणी रक्तपेढी, हेडगेवार रक्तपेढी आणि सिव्हिलची स्वतःची पेढी यांच्यावर जिल्ह्याचाच नव्हे, शेजारच्या जिल्ह्यांचाही भार असतो. परंतु रक्ताचे घटक सारखे टिकत नाहीत. तांबड्या पेशी थंडाव्यात बेचाळीस दिवस, गोठवलेला रक्तद्रव वर्षभर, आणि बिंबिका फक्त पाच दिवस. सोलापूरचा उन्हाळा चाळिशीच्या पुढे जातो, महाविद्यालयांना सुट्ट्या लागतात, शिबिरे थंडावतात, आणि एप्रिल-मे मध्ये पेढ्यांच्या कपाटांत तूट पडते. नेमक्या त्याच दिवसांत रुग्णाच्या दमलेल्या भावाला उन्हातून ‘डोनर घेऊन या’ म्हणून पिटाळले जाते. विडी वळणाऱ्या किंवा मागावर राबणाऱ्या घरातील माणसाची एक दिवसाची मजुरी बुडवून त्याच्याकडून रक्तदाते गोळा करवणे मला अयोग्य वाटते, विशेषतः शस्त्रक्रियेची तारीख पंधरा दिवस आधी मुक्रर झालेली असताना. फुप्फुसाच्या ठरवून केलेल्या प्रत्येक शस्त्रक्रियेची लेखी मागणी, गट, पिशव्यांची संख्या आणि बिंबिकांची गरज यांच्या नोंदीसह, एक आठवडा आधी पेढीकडे गेली पाहिजे. पेढीने ती राखून ठेवल्याचा दाखला शस्त्रक्रियेच्या कागदांत लावला पाहिजे. आणि तो दाखला नसेल, तर रुग्ण उपाशी ठेवलेला असो, शल्यविशारद हात धुऊन उभा असो, शस्त्रक्रिया तहकूब करण्याचा अधिकार भूलतज्ज्ञाला असला पाहिजे.